विशाखापट्टणमचं वादळ थोरांग ला खिंडीत: ऑक्टोबर २०१४

नेपाळमधली थोरांग ला ही खिंड ५,४१६ मीटर उंचीवर आहे. तिच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, सुमारे १,२०० किलोमीटरवर विशाखापट्टणमचा समुद्रकिनारा येतो. दोन्ही ठिकाणं ८३ ते ८४ अंश रेखांशाच्या मधली. दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात निघालेल्या प्रत्येकाला मी नकाशावर पट्टी ठेवून ही रेघ ओढायला लावतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला त्या किनाऱ्यावर धडकलेलं हुदहुद चक्रीवादळ दोन दिवसांच्या आत त्या खिंडीवर बर्फ होऊन कोसळलं. नेपाळमध्ये किमान ४३ माणसं गेली. त्यांत परदेशी ट्रेकर होते, भारतीय होते, नेपाळी गाईड आणि पोर्टर होते, याक राखणारे होते. नेपाळच्या ट्रेकिंगच्या इतिहासातली सर्वांत मोठी दुर्घटना म्हणून ती ओळखली जाते.

हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा काढतो, कारण या वादळाची बातमी आधीपासून होती. त्याला नाव होतं, त्याचा मार्ग आखला जात होता, दिवसातून अनेकदा वार्तापत्रं निघत होती. अचानक कोसळलेल्या संकटाबद्दल शिकण्यासारखं फारसं नसतं. इथे मात्र माहिती आणि माणसं यांच्यातलं अंतर दिवसागणिक मोजता येतं.

किनाऱ्यापासून खिंडीपर्यंत

६ ऑक्टोबरच्या सुमारास अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. ८ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं आणि ओमानने सुचवलेलं हुदहुद हे नाव त्याला मिळालं. अरबीतलं हे एका तुरेवाल्या पक्ष्याचं नाव. १२ तारखेला, रविवारी दुपारी, वादळाचा डोळा विशाखापट्टणम शहरावरून गेला. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीनुसार वाऱ्याचा वेग ताशी १७० ते १८० किलोमीटर होता. शहराची आणि विमानतळाची दैना झाली. पण अंदाज काही दिवस आधीपासून बरोबर ठरत आला होता आणि आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावरून लाखो लोक आधीच हलवले गेले होते. १९९९ च्या ओडिशाच्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. त्या तुलनेत हुदहुदच्या वेळी किनाऱ्यावरची यंत्रणा नीट चालली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

किनारा ओलांडल्यावर वाऱ्याचा जोर ओसरला आणि बातम्यांचाही ओसरला. महाराष्ट्रात तर १५ तारखेला विधानसभेचं मतदान होतं. इकडे वादळाची आठवण कुणाला राहणार. ‘वादळ क्षीण झालं’ हे वाक्य आपण ‘वादळ संपलं’ असं ऐकतो आणि डोंगरात जाणाऱ्याचा घात तिथेच होतो. समुद्रावरून उबदार पाण्याची वाफ मिळेनाशी झाली की वारा ढासळतो, पण उचलून आणलेलं बाष्प लगेच कुठे जात नाही. हुदहुदचं केंद्र छत्तीसगडवरून सरकलं, उत्तरेकडे वळलं आणि १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पूर्व उत्तर प्रदेशावर साधं कमी दाबाचं क्षेत्र होऊन उरलं. केंद्र मैदानात होतं. त्याच्या पुढचे ढग तोवर हिमालयावर चढलेले होते.

त्याच सुमारास वरच्या थरात पश्चिमेकडून थंड हवेचा कमी दाबाचा पट्टा आला होता. हिवाळ्यात पश्चिमी झंझावात येतात ते अशाच पट्ट्यांबरोबर. खालून बंगालच्या उपसागराची ओली, उबदार हवा आणि वरून ही थंड हवा. त्यात समोर आठ हजार मीटरची भिंत. ओली हवा भिंतीवर चढली की थंड होते, तिच्यातलं पाणी सुटतं आणि पाणी सुटताना मोकळी झालेली उष्णता तिला आणखी वर ढकलते. समुद्राजवळ धुवांधार पाऊस पाडणारं यंत्र पाच हजार मीटरवर तेवढ्याच धडाक्याने बर्फ पाडतं. थोरांग लाच्या परिसरात बारा तासांत जवळपास १.८ मीटर बर्फ पडल्याच्या नोंदी आहेत. माणूस उभा गाडला जाईल एवढा.

पर्जन्यछायेतली माणसं

अन्नपूर्णा परिक्रमा केलेल्यांना रस्ता ठाऊक असेल. बेसीसहरपासून मर्स्यांगदी नदीच्या कडेकडेने वर जायचं. चामे आणि पिसांग ओलांडून ३,५४० मीटरवरच्या मनांगला पोचायचं, तिथे विरळ हवेची सवय व्हावी म्हणून एक दिवस थांबायचं, मग याक खर्कावरून थोरांग फेदी. फेदी म्हणजे पायथा. उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास. काही जण आणखी चढून हाय कॅम्पला झोपतात. पहाटे चार-पाचला हेडटॉर्च लावून निघायचं, कारण सकाळ सरली की खिंडीत वारा सुटतो. खिंड ओलांडली की सोळाशे मीटरची लांबलचक उतरण आणि शेवटी मुक्तिनाथ.

ही वाट अन्नपूर्णेच्या पलीकडच्या, पर्जन्यछायेच्या अंगाने जाते. पर्वताच्या दक्षिणेला पोखऱ्याजवळच्या लुमले गावी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; उत्तरेला जोमसोममध्ये तीनशे मिलिमीटरसुद्धा पडत नाही. महाबळेश्वर आणि दहिवडी डोळ्यांसमोर आणा, आणि मधे सह्याद्रीच्या जागी अन्नपूर्णा ठेवा. त्यात ऑक्टोबर म्हणजे मोसमी पाऊस ओसरल्यावरचा सर्वांत स्वच्छ महिना. म्हणूनच त्या आठवड्यात वाटेवर शेकडो माणसं होती.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. लॉजवाल्यांनी, गाईडनी, जुन्या ट्रेकरांनी ‘पडेल थोडं, सकाळी उघडेल’ असं म्हटलं असेल, तर तो निष्काळजीपणा म्हणता येत नाही. त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव तेच सांगत होता. पर्जन्यछायेतल्या ऑक्टोबरात ढग येतात, दोन इंच भुरभुर होते आणि दुसऱ्या दिवशी निळं आकाश असतं. स्थानिक अनुभव नेहमीच्या हवेसाठी सोन्यासारखा असतो. उपसागरातून आलेली हवा मात्र त्या खोऱ्याची नव्हती. पर्जन्यछाया तयार होते ती दक्षिणेकडून येणारे मोसमी ढग डोंगराआधीच रिकामे होतात म्हणून. इथे ढगांची जाडी आणि वरच्या पट्ट्याची ओढ अशी होती की बाष्प पर्वतरांगेवरून पलीकडे सांडलं.

१३ ची रात्र, १४ ची पहाट

१३ तारखेला, सोमवारी, मनांग खोऱ्यावर ढग दाटले आणि रात्रीपर्यंत वर बर्फ सुरू झाला होता. १४ च्या पहाटे फेदी आणि हाय कॅम्पमधल्या लोकांनी दार उघडलं तेव्हा तो पडतच होता. काहींनी पाय मागे घेतला. बरेच जण निघाले.

का निघाले, हे समजायला मानसशास्त्राचं पुस्तक लागत नाही. उंचीवरच्या ट्रेकला गेलेल्या कुणालाही ते आतून कळतं. आठ-दहा दिवस चालून खिंडीच्या तोंडाशी आलेलो असतो. सुट्टी संपत आलेली असते. जोमसोमहून पोखऱ्याचं विमान, काठमांडूहून परतीचं तिकीट, सगळं ठरलेलं असतं. फेदीच्या लॉजमध्ये जागा तोकडी आणि खालून दुसऱ्या दिवशीचे लोक चढत येणार. पहाटेच्या अंधारात बाहेर बघावं, तर पुढे हेडटॉर्चची माळ हलताना दिसते. एवढी माणसं निघाली आहेत, त्यांच्याबरोबर गाईड आहेत, म्हणजे ठीकच असेल, असं वाटतं. त्या माळेतला प्रत्येक जण पुढच्याकडे बघून तेच म्हणत असतो.

खिंडीच्या माथ्यावर हंगामात चालणारं एक छोटं दगडी चहाचं खोपट आहे. पोचलेले लोक त्यात कोंबून बसले. बाहेर वारा आणि बर्फ असा की दहा पावलांवरचं दिसेना. काही जण पुढे मुक्तिनाथकडे उतरायला निघाले, काही खोपटात राहिले आणि रात्र तिथेच काढून वाचले. बहुतेक मृत्यू उतरणीच्या बाजूला, मुस्तांगच्या अंगाला झाले.

उतरण सोपी वाटते, म्हणून तिच्यावर थोडं थांबायला हवं. माथ्यावरून पश्चिमेला पुढचा आडोसा सुमारे ४,२०० मीटरवर, म्हणजे बाराशे मीटर खाली आहे. चांगल्या हवेत ते दोन-अडीच तासांचं काम. खिंडीचा तो भाग उघडा आणि पसरट आहे. कडा नाही, झाड नाही, वळणावर ओळखीचा दगड नाही. वाट बुजली की जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, उतार कुठल्या बाजूला आहे हेही पायाला कळत नाही. कमरेएवढ्या बर्फात एक पाऊल टाकायला दहा पावलांची ताकद लागते. आतून घामाने आणि बाहेरून ओल्या बर्फाने कपडे भिजतात, आणि दमून क्षणभर बसलं की वारा अंगातली ऊब ओढून नेतो. आधी बोटं ऐकेनाशी होतात, मग जीभ जड होते, मग डोकं. आपण चुकतो आहोत हे कळण्याची शक्तीच आधी जाते. काही जण हिमस्खलनातही सापडले.

संकट एका खिंडीपुरतं नव्हतं. त्याच वादळात मनांग जिल्ह्यातल्या फू खोऱ्याच्या बाजूला आणि धौलागिरीच्या तळछावणीच्या परिसरातही हिमस्खलनात माणसं गेली.

१५ तारखेला आकाश उघडलं. नेपाळच्या सैन्याची हेलिकॉप्टरं उडाली आणि पुढच्या काही दिवसांत पाचशेहून जास्त लोकांना खाली आणलं गेलं. अनेकांची बोटं हिमदंशाने काळी पडली होती.

पोर्टरांविषयी इथेच लिहायला हवं. ट्रेकरच्या पाठीवर महागडं जॅकेट असतं आणि त्याची पंचवीस किलोची बॅग वाहणाऱ्याच्या पायात कित्येकदा साधे कापडी बूट. अशा पोराला ५,४०० मीटरवर थांबून राहणं शक्यच नसतं. थांबला तर तो गोठतो, म्हणून तो चालत राहतो. खिंड ओलांडायची की नाही हे ठरवताना संघातल्या सर्वांत कमी कपड्यांच्या माणसाला मोजलं पाहिजे. हातमोजे, चष्मा आणि जलरोधक कोट प्रत्येक पोर्टरकडे आहे की नाही, हे बेसीसहरलाच, सामान उघडून, डोळ्यांनी बघावं. एजन्सीच्या शब्दावर सोडू नये.

निर्णयाची जागा

या घटनेवर बोलताना सगळे खिंडीच्या माथ्यावर अडकतात: खोपटात थांबायला हवं होतं की निघायला? माझ्या मते तोवर फार उशीर झालेला होता. निर्णयाची खरी जागा होती मनांग, आणि वेळ होती १२ ची संध्याकाळ ते १३ ची सकाळ.

हिशेब साधा आहे. १२ च्या दुपारी वादळ किनाऱ्यावर. अंतर १,२०० किलोमीटर. तेव्हापासून १४ च्या पहाटेपर्यंत चाळीस तास. ताशी तीस किलोमीटर, म्हणजे एखाद्या एसटीच्या घाटातल्या वेगाने ते बाष्प आलं. या चाळीस तासांत मनांगमधला कुणीही एक गोष्ट करू शकत होता: एक दिवस जास्त थांबणं. मनांगमध्ये लॉज आहेत, जेवण आहे, हंगामात डॉक्टरही असतो. फेदीला पोचल्यावर पर्याय निम्मे होतात, हाय कॅम्पला आणखी कमी, आणि माथ्यावर एकही धड उरत नाही. वर चढताना आपण उंची कमावतो आणि पर्याय खर्च करतो.

मग मनांगमध्ये माहिती का पोचली नाही? काठमांडूत बर्फवृष्टीची शक्यता ठाऊक होती; हवामानाच्या संकेतस्थळांवर ती दिसत होती. पण परवाना तपासणाऱ्या चौकीपासून लॉजच्या दारापर्यंत ती नेणारी साखळी नव्हती. नाव नोंदवून घेणारा माणूस वाटेत होता, ‘परवा वर जाऊ नका’ सांगणारा नव्हता. नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान सुशील कोइराला यांनीही हवामानाचा इशारा देणारी व्यवस्था उभारण्याची गरज बोलून दाखवली. २०२३ च्या एप्रिलपासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना गाईड सक्तीचा केला. गाईड असावा, या मताचा मी आहे. पण २०१४ मध्ये गेलेल्यांत गाईडही होते. गाईडच्या हाती अंदाज नसेल तर तोही आपल्यासारखाच आभाळाकडे बघत असतो.

आणि हे प्रथमच घडत होतं असंही नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये उपसागरातून आलेल्या अशाच वादळाने एव्हरेस्ट परिसरात प्रचंड बर्फ टाकला आणि गोक्यो खोऱ्यातल्या पांगा इथे हिमस्खलनात १३ जपानी ट्रेकर आणि त्यांचे नेपाळी सहकारी गाडले गेले. हुदहुदच्या बरोबर एक वर्ष आधी, १२ ऑक्टोबर २०१३ ला, फायलिन चक्रीवादळ ओडिशातल्या गोपालपूरजवळ धडकलं आणि त्याच्या अवशेषांनी नेपाळात पाऊस-बर्फ आणला. उपसागरातल्या चक्रीवादळांचा एक हंगाम मोसमी पावसाआधी असतो आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. हिमालयातला ट्रेकिंगचा सर्वांत चांगला काळ याच दुसऱ्या हंगामावर पडतो. हे दोन्ही तक्ते एकमेकांवर ठेवून बघायची सवय ट्रेकिंगच्या जगात तेव्हा नव्हती, आणि आजही ती पुरेशी रुजलेली मला दिसत नाही. उत्तराखंडात १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ ला झालेल्या अतिवृष्टीत लमखागा खिंडीच्या आणि सुंदरढुंगाच्या वाटेवर ट्रेकर गेले, तेव्हाही आधी इशारा दिलेला होता.

आम्ही काय बदललं

आम्ही पुण्यातून ट्रेकच्या बॅच नेतो. निघण्याच्या दहा दिवस आधीपासून हवामान विभागाचं उत्तर हिंदी महासागराचं, म्हणजे बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या वादळांचं पान रोज उघडायचं, हा पहिला बदल. नुसता ‘मनांगचा अंदाज’ बघून भागत नाही. मोबाइलवर दिसणारा गावाचा अंदाज बहुधा खोऱ्याच्या तळाचा आणि ठोकळ असतो. अंदाजासाठी नकाशाचे चौकोन पाडतात, आणि डोंगराच्या एका चौकोनात सात हजाराचं शिखर आणि तीन हजाराची नदी एकत्र येतात. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र दिसलं की ते किनाऱ्याला कुठे लागणार, यापेक्षा लागल्यानंतर कुठे वळणार हे वाचायचं. आंध्र-ओडिशाला लागून उत्तरेकडे वळणारं आणि त्याच वेळी उत्तर भारतावर पश्चिमेचा पट्टा, ही जोडी दिसली की खिंडीचा दिवस पुढे ढकलायचा. अरबी समुद्रातलं वादळही गुजरातवरून ईशान्येकडे वळलं तर तेच करू शकतं.

दुसरा बदल घरी बसलेल्या माणसाचा. प्रत्येक बॅचमागे एक जण पुण्यात असतो, जो ट्रेकवर नाही, ज्याची सुट्टी वाया जाणार नाही आणि ज्याला खिंड दिसत नाही. तो रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी निरोप पाठवतो. ‘वर जाऊ नका’ असा त्याचा निरोप आला तर संघनायकाने वाद घालायचा नाही, थांबायचं. संपर्क तुटला आणि सलग दोन संध्याकाळी निरोपच आला नाही, तरी फेदीच्या पुढे जायचं नाही. हा नियम कडक वाटतो. पहिल्या वर्षी आमच्याच दोघांनी त्यावर बरीच कुरकुर केली होती.

तिसरं, मनगटावरचं उंची दाखवणारं घड्याळ. दाबावर चालणाऱ्या घड्याळात आपण जागचे हललो नाही तरी उंची ‘वाढलेली’ दिसते, कारण हवेचा दाब घसरलेला असतो. साडेचार हजार मीटरवर दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाब मोजण्याचं एकक) घसरला की उंची साधारण तेरा मीटर वाढलेली दिसते. रात्रीतून दहा-वीस मीटरचा फरक रोजचाच, पण झोपताना ४,५०० आणि पहाटे ४,५५० दिसलं तर बाहेर काहीतरी मोठं येतं आहे. त्याबरोबर रात्र नेहमीपेक्षा उबदार वाटली आणि भुकटीऐवजी ओले, मोठे पापुद्रे पडू लागले, तर दक्षिणेची हवा पोचली आहे असं समजावं.

नदीवर जाणाऱ्या मित्रांसाठीही एक गोष्ट. ऑक्टोबर हा नेपाळात राफ्टिंगचाही हंगाम. मर्स्यांगदी, काली गंडकी, सेती या नद्या याच डोंगरांतून उतरतात. वादळात गोठणरेषेच्या वर बर्फ साठतो आणि खाली तेवढाच पाऊस पडतो. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या खोऱ्यातलं पाणी काही तासांनी पोचतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली, काठावरचा ओळखीचा दगड बुडाला, तर काठाला लागून उंच जागा गाठायची. आणि दरीतल्या वाळूच्या पट्ट्यावर रात्रीचे तंबू त्या आठवड्यात लावायचे नाहीत, कितीही सुंदर दिसले तरी.

चौथा बदल कागदावरचा आहे आणि तो करायला सर्वांत जास्त भांडावं लागलं. आमच्या वेळापत्रकात आता मनांगनंतर दोन दिवस कोरे सोडलेले असतात. त्यांचा खर्च आधीच शुल्कात धरलेला असतो आणि परतीचं तिकीट त्यांच्यापुढचं काढलेलं असतं. लोक विचारतात, हवा चांगली असली तर या दोन दिवसांत काय करायचं? मी त्यांना तिलिचो तलावाच्या बाजूची खोरी सुचवतो, नाहीतर सरळ मुक्तिनाथला एक दिवस निवांत बसायला सांगतो. तिथल्या अंगणातून वळून बघितलं की थोरांग लाची उतरण पूर्ण दिसते. स्वच्छ दुपारी ती इतकी सौम्य दिसते, की तिथे पन्नास पावलांवर खोपट असूनही ते न सापडण्याची वेळ कुणावर येऊ शकते, हे नव्या पोरांना पटवावं लागतं.